छावणीतलं गुंतवळ

डबा चांगला होता. जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. आत पोहे ठेवले तर महिनाभर मऊ पडायचे नाहीत. कुंदाबाई दडमलला तो केसांच्या बदल्यात मिळाला होता, आणि मिळाला त्या दिवशी तिनं तो शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवला होता. त्या डब्यापायी आपण सुनेची बाजू बुडवली, हे तिला उन्हाळा सरता सरता कळलं. तालुक्याच्या गावी, हक्क मंडळाच्या कचेरीत, एका डुगडुगत्या बाकावर बसल्या बसल्या.

सून प्रणाली समोरच्या खुर्चीत होती. डोक्यावर ओढणी, ओढणीखाली बोटभर वाढलेले केस. तिनं सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. गावाजवळच्या टेकडीवर, या जंगलपट्ट्याच्या बंदोबस्ताला आलेल्या पट्टा दलाची छावणी होती. जंगलातल्या हत्यारबंद लोकांना भात वाढला या संशयावरून दलानं तिला नेलं, दोन महिने पत्र्याच्या खोलीत ठेवलं. रात्री कोठीघराची किल्ली कोणाकडे असायची, कोणाच्या बुटांचा आवाज ऐकून बायका भिंतीकडे तोंड करून पडायच्या, हे ती इतक्यांदा सांगून बसली होती की आता तिचा आवाज हलायचा नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी ती सांगायची. कुंदाबाईला तेच ऐकवत नसे.

मंडळाच्या वझलवार मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. बाई निवृत्तीला आलेल्या, सभ्य, आणि फार थकलेल्या.

"मला तुमचं म्हणणं खोटं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्याला आता किंमत राहिली नाही. केस लागतात."

केस का लागतात हे आता पट्ट्यातल्या लहान पोरींनाही ठाऊक होतं. केस मुळाशी रक्तावर वाढतो आणि रोज थोडा थोडा बाहेर सरकतो. त्या दिवशी रक्तात जे असेल ते केसात अडकून राहतं: उपासमार, झोपेचं औषध, भीतीनं अंगात सुटणारा रस. मग केस पुढे सरकतो, पण तो दिवस त्याच्यातच राहतो, झाडाच्या खोडात दुष्काळाचं वर्ष राहावं तसा. पूर्वी हे वाचायला मूठभर केस लागायचे आणि फार तर महिना कळायचा. मग केशलेख यंत्र आलं. बारीक प्रकाशाखाली एकच केस मुंगीच्या पावलानं सरकवायचा; यंत्र आधी तो कोणाचा ते ओळखी, मग त्यातला एकेक दिवस वेगळा काढी. तुटका, बिनमुळाचा केसही त्याला चाले. कोणी काय केलं हे यंत्राला सांगता येत नसे. पण अमक्या रात्री हा देह जिवाच्या भीतीत होता, एवढं ते ठामपणे सांगे. तो कागद आणि त्या रात्रीची पहाऱ्याची पाळी शेजारी ठेवली की पुढचं कोणालाही दिसायचं.

पहिल्या वर्षी चार अधिकारी तुरुंगात गेले. बायकांनी मंडळाच्या दारात साखर वाटली.

दुसऱ्या वर्षी सगळ्या छावण्यांत स्वच्छतेचा नवा नियम आला. उवा होतात, म्हणून सुटणाऱ्या प्रत्येक बाईचं डोकं भादरायचं. लग्न जमवताना लोक मुलीच्या केसांची वाचणी मागू लागले. आणि मंडळात हळूहळू असं झालं की नुसतं बोलणाऱ्या बाईचं कोणी लिहूनच घेईना. पूर्वी निदान लिहून तरी घ्यायचे. यंत्र साक्षीला आलं आणि बाईची साक्ष बाकावर बसून राहिली.

"माह्यापाशी केस होते, मॅडम," प्रणाली म्हणाली. "भादरायच्या आधी मी रोज विंचरत होती. गुंतवळ फेकाचं कुठं तिथं? पायाखाली येते, कोणी काही करते त्याचं. बोटाले गुंडाळून परकराच्या नेफ्यात खुपसून ठेवत होती. येताना अंगावर तोच परकर होता." ती मागे वळली. "आई, तो परकर कुठं हाय?"

परकर कुंदाबाईनं धुतला होता. नेफ्यातली केसांची गोळी तिच्या हाताला लागली होती, आणि जन्मभर जे केलं तेच तिनं केलं होतं. अंगणाकडच्या भिंतीच्या फटीत, जिथं घरातल्या बायकांचं गुंतवळ साठायचं, तिथं ती खोचून दिली होती. पुढच्या आठवड्यात केसांवर भांडी देणारी लच्चूबाई आली, आणि डबा घरात आला.

तिनं ते सांगितलं. प्रणालीनं ओढणी नीट केली.

"पोळ्यानंतरची तारीख देते," शेवटी मॅडम म्हणाल्या. "तोवर काही मिळालं तर आणा. नाही मिळालं तर मला तक्रार बंद करावी लागेल."

*

घरी आल्यावर रूपेशचा फोन आला. कुंदाबाईचा मुलगा हैदराबादेत उंच इमारतींच्या लिफ्टवर होता. बायको सुटून आली तेव्हा तो एक रात्र राहून गेला होता, तो परत आलाच नव्हता.

"आई, तिले म्हणा तक्रार मागं घे. इथं पोरायले माहीत झालं. कोणी माह्या तोंडाकडे पाहून बोलत नाही."

"तुह्या तोंडाकडे पाहत नाही, अन् तिच्याकडे बोटं दाखवतेत. कोणाचं जड हाय सांग."

"मी काय म्हणतो, हे एकदाचं मिटलं की मी येतो न घरी."

"अन् नाही मिटलं तं?"

फोनवर लिफ्टचा घरघराट तेवढा ऐकू आला. रूपेश वाईट नव्हता. आपला पोरगा दम नसलेला आहे, हे तिला तो चालायला लागला तेव्हापासून माहीत होतं, पण माहीत असून काय करायचं असतं. तिला तो घरात हवा होता. चुलीपाशी बसून जेवताना हवा होता. फोन ठेवून ती आत गेली, तर प्रणाली डब्यातून पोहे काढत होती.

"त्यात नको ठेवू काही," कुंदाबाई म्हणाली.

"डब्यानं काय केलं, आई? चांगला डबा हाय." प्रणालीनं झाकण लावलं. "उद्या लच्चूमावशीकडे जाऊ."

*

लच्चूबाईचं बिऱ्हाड बल्लारशाला रुळांच्या पलीकडे होतं. ती फिरस्त्या जमातीतली, साठीची, तोंडात सदा तंबाखू. तिची आई डोक्यावर पाटी घेऊन फिरायची. ही बॅटरीच्या गाडीवर फिरे आणि हाळी भोंग्यातून वाजे. पत्र्याच्या छपरीत केसांच्या पोत्यांची छताला लागेल एवढी रास होती.

"एवढं काहून साठवलं, मावशी?" कुंदाबाईनं विचारलं.

"साठवलं नाही अक्का, पडलं. घेणाराच नाही." लच्चूबाई बाहेर पिंक टाकून आली. "आपले केस परदेशात जात होते टोपाला. आता तिकडच्या बाया टोप घ्यायच्या आधी मशीनमधी घालून पाहतेत. या पट्ट्यातले केस नको म्हणतेत. भीतीचे केस हायेत म्हणतेत, डोक्यावर ठेवले तं झोप येत नाही. आता सांगा. इथं ज्यांच्या डोक्यावर उगवले त्या झोपल्या का कधी?"

प्रणाली हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून कुंदाबाईनं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

गुंतवळाची गोष्ट ऐकून लच्चूबाईनं मान हलवली. कोसमटोल्याचा, म्हणजे त्यांच्या गावचा, माल तिच्या ध्यानात होता, पण कोणत्या पोत्यात गेला हे देवही सांगू शकला नसता. गावागावांचं सगळं एकत्र दाबून भरलेलं. मग तिनं जरा वेळ तंबाखू चघळली आणि मागच्या कोपऱ्यातलं एक पोतं पायानं पुढे सरकवलं. त्याला निळी सुतळी होती.

"हे घरचं गुंतवळ नव्हे. हे कापलेले हायेत, लांबच लांब. टेकडीवरच्या न्हाव्यानं विकले. तिथं भादरते न तो. जाळाचा हुकूम हाय त्याले, पण केस जाळून कोणाचं पोट भरते? मले म्हणे मावशी, चूपचाप ने."

प्रणाली पोत्यापाशी खाली बसली. सुतळी सोडून तिनं हात आत घातला. काळे, भुरे, एखादी वेणी तशीच्या तशी, टोकाला लाल रबर लावलेली. ती वेणी तिनं हातात घेतली आणि लगेच परत आत ठेवली, झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तशी.

"आई," ती म्हणाली, "यात आम्ही सगळ्या हावो."

लच्चूबाईनं पोत्याचे पैसे घेतले नाहीत. "तसंही उंदीर खात होते," एवढंच म्हणाली.

*

वझलवार मॅडमनी पोत्यात पाहिलं आणि कचेरीचं दार लावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांत न आलेलं काहीतरी आलं आणि कुंदाबाईला वाटलं, सुटलो.

"हे सगळं पोतं यंत्राला लावायचा हुकूम मी आजच काढते," मॅडम म्हणाल्या. "एकेक केस वाचला जाईल. पोळ्याच्या आत निकाल लागेल बघा. एकटीचं म्हणणं नाही हे, पन्नास जणींचं आहे. कोणाची टाप आहे नाही म्हणायची?"

"नावं निघतील का?" प्रणालीनं विचारलं.

"निघणारच. ओळखपत्रासाठी सगळ्यांचे नमुने घेतलेलेच आहेत. यंत्र नावानिशी वाचतं."

"अन् ते कोण कोण पाहीन?"

मॅडम खुर्चीत बसल्या. "मी पाहीन. दलाचा वकील पाहील, त्याला प्रत द्यावीच लागते. मग..." पट्ट्यात वकिलाच्या हातात गेलेली गोष्ट आठवडी बाजारात यायला किती वेळ लागतो, ते तिघींनाही माहीत होतं.

"मग नको," प्रणाली म्हणाली.

कुंदाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय नको?"

"आई, आपल्या गावची आचल तुमाले आठवते? नन्नावऱ्यांची. टायफॉइडनं केस गेले म्हणून मामाच्या घरी राहून आली होती. मग चैत्रात लग्न झालं तिचं."

"तिचं काय?"

"ते लाल रबर तिचं हाय."

आचलच्या लग्नात कुंदाबाईनं हळद लावली होती. नवरीच्या डोक्याला गंगावन जोडलेलं पाहून बायका म्हणाल्या होत्या, पोरीनं दुखणं फार काढलं.

"तिच्या सासरी माहीत नाही," प्रणाली म्हणाली. "अशा किती असतील. मॅडम, आम्हाले तिथं उचलून नेलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. केस भादरले, विचारलं नाही. विकले, विचारलं नाही. आता तुम्ही वाचान, तेही न विचारता?"

"हे तुमच्या भल्यासाठी आहे," मॅडम म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांचा आवाज खाली आला. हेच वाक्य दलाच्या स्वच्छतेच्या नियमाच्या पहिल्या ओळीत होतं.

"फक्त हिचेच काढून वाचा न," कुंदाबाई म्हणाली. "बाकीचे सोडून द्या."

"होतं तसं. बाईनं स्वतः आपला नवा केस नमुना म्हणून दिला, हो म्हणाली, तर यंत्र त्याच्याशी जुळणारेच केस वाचतं, बाकीचे न वाचता टाकतं. नावही बंद पाकिटात राहतं, वकिलाला मिळत नाही. पण एकटीचे सापडले तर ते म्हणतील, सासूनं घरून आणून मिसळले. पोतं छावणीतलंच आहे हे ठरायला सात-आठ जणी तरी लागतील. आजवर कोणी गोळा करू शकलं नाही. मंडळाची गाडी दारात उभी राहिली की सगळं गाव जमतं. कोण हो म्हणेल?"

परतीच्या बसमध्ये पोतं दोघींच्या मधे होतं. बरंच अंतर गेल्यावर कुंदाबाईचा बांध फुटला, पण आवाज तिनं चढवला नाही. बसमध्ये लोक होते.

"माह्या पोराले मी घरी आणू पाहून रायली. एक सही झाली असती. एक. मग जे झालं ते झालं म्हणून सगळे आपापल्या घरी बसलो असतो. तुले जगाची पडली."

"जगाची नाही, आई. मले त्या खोलीतल्या आठ-दहा जणींची पडली. रात्री बूट वाजले की आचल माह्या हाताची नखं धरून बसे. बोटं नाही, नखं. आता मी तिचं नाव वकिलाले देऊ?"

कुंदाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसते वीजखांब मागं जात होते. आपण कित्येक वर्षांपासून थकलो आहोत, असं तिला वाटलं, आणि ही पोर तर आत्ताच आपल्याएवढी थकली आहे. मग पोतं तिच्याकडे कलंडलं, ते तिनं मांडीशी ओढून नीट धरलं.

"मंडळाची गाडी गेली तं गाव जमते," ती म्हणाली. "लच्चूबाईची गाडी आली तं कोण येते बाहेर?"

प्रणालीनं मान वळवली.

"बायाच येतेत न," कुंदाबाई म्हणाली. "गड्यायले कोणाच्या गुंतवळाचं काय पडलं हाय."

*

पोळा होऊन गेला. मॅडमनी तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे. रूपेशचा फोन येणं कमी झालं. कुंदाबाई अजूनही जेवताना त्याची थाळी खाली काढी आणि परत मांडणीवर ठेवी.

आठवड्यातून काही दिवस त्या दोघी लच्चूबाईबरोबर फिरत. गाडीवर भांडी, भोंग्यात हाळी. बायका दारात येत, मुठीतलं गुंतवळ दाखवत, चहाच्या गाळणीसाठी भांडत. प्रणालीला खोलीतल्या कोणाचं नाव ठाऊक होतं, कोणाचं गाव, कोणाच्या गावातलं नुसतं झाड. एक बाई त्यांना पाहून आत निघून गेली आणि दार लावून घेतलं. एकीनं शिव्या दिल्या. एकीनं पाणी दिलं, रडली आणि नाही म्हणाली. एकीनं लच्चूबाईची गाळणी घेतली, केस द्यायचे विसरली, आणि त्या दुसऱ्या आळीत पोचल्यावर धावत मागे आली. हो म्हणणाऱ्या अशा तीन जणी झाल्या. प्रणाली धरून चार.

दिवाळीच्या तोंडावर त्या आचलच्या सासरी पोचल्या. घर बरं होतं, ओसरीवर फरशी. आचलची सासू पुढे आली, मागे दाराशी आचल. पाठीवर गंगावनाची लांब वेणी.

"काय काय हाय?" सासूनं विचारलं.

लच्चूबाईनं भांडी मांडली. सासूला एकही पसंत पडेना. हे हलकं, ते पोचे आलेलं. प्रणाली गाडीला टेकून उभी राहिली. आचलनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर फरशीवर ठेवली.

"ओळखलं का?" प्रणालीनं हळूच विचारलं.

"नाही."

"बरं." प्रणालीनं पुढे विचारलं नाही. "मी बोलली मंडळात. नाव कोणाचं घेतलं नाही. ज्या हो म्हणतील त्यांचेच केस वाचणार हायेत. बाकीचे मी राखून ठेवले, माह्यापाशी हायेत. तुह्या वेणीले कोणी हात लावला नाही. रबरासकट हाय. एवढंच सांगाले आली."

इकडे सासूची कान देऊन ऐकायची तयारी सुरू झाली होती. कुंदाबाईनं ते पाहिलं. तिनं आपल्या पिशवीत हात घातला आणि दुपारची भाकर ज्यात घालून आणली होती तो पोह्यांचा डबा बाहेर काढला.

"हा पाहा बाई. असा डबा आता निघत नाही. झाकण लावून पाहा."

सासूनं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "हा विकाचा हाय?"

"अक्का, तो तर तुमचा..." लच्चूबाई म्हणाली.

"विकाचाच हाय," कुंदाबाई म्हणाली. "पण पातळ गुंतवळ चालणार नाही मले. पाहून घेईन. वर्षाचं साठवलं असन तं आणा."

सासू लगबगीनं मागच्या परसात गेली. भिंतीच्या फटीतलं काढताना ती कोणाला तरी हाक मारत होती, काठी आण म्हणून.

आचल अजून दारातच होती. मग ती दोन पायऱ्या उतरली. वेणीच्या वर, कानामागे तिनं बोटं घातली, आणि गंगावनाच्या खालून चार-पाच आखूड केस ओढून काढले. ओढताना डोळा मिटला. ते केस तिनं प्रणालीच्या तर्जनीला गुंडाळले. गुंडाळायला फारसं काही नव्हतंच. दोन बोटांएवढे केस, गाठ बसेना.

"माहे यात धर," ती म्हणाली. "पण त्यायले सांगू नको."

"नाही सांगत."

"अन् रबर?"

"तुले आणून देतो."

"नको," आचल म्हणाली. "राहू दे तिथंच. कोणाची वेणी हाय ते दिसन."

सासू ओंजळ भरून केस घेऊन आली. कुंदाबाईनं केस उलटेपालटे करून पाहिले, तोंड वाकडं केलं, आणि डबा देऊन टाकला. सासूच्या नजरेला प्रणालीच्या बोटावरचे ते आखूड केस पडले.

"एवढूशावर काय देतेत वो? बिचारीचे टायफॉइडनं गेले, आत्ता कुठं येऊन रायले."

"काही नाही देत, अक्का," लच्चूबाई म्हणाली. "ते असेच घेतो आम्ही."

तिनं गाडी सुरू केली. भाकर फडक्यात बांधून कुंदाबाई मागे बसली. प्रणालीनं ते केस कुंदाबाईच्या हातात दिले आणि तिनं ते पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधले. पुढच्या गावातल्या बाईचं नाव प्रणालीला माहीत नव्हतं. ती खोकायची तेवढं माहीत होतं, आणि तिच्या दारात चिंचेचं झाड आहे असं ती सांगायची. गाडी त्या रस्त्याला लागली तशी लच्चूबाईनं भोंगा लावला.